पाना-पक्कड पुरेनाशी का झाली? नव्या गाडीच्या दुरुस्तीमागचं गणित

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, इंजिनाच्या चित्राचा. गाडी चालत असते, आवाजही नेहमीचाच. पिकअप कमी झालाय की आपल्यालाच तसं वाटतंय, हे ठरत नाही. सांगलीत शंभर फुटी रस्त्याला गाडी नेली तर मिस्त्री आधी बॉनेट उघडत नाही. स्टिअरिंगखाली हात घालून एक वायर खोचतो, हातातल्या टॅबकडे बघतो आणि सांगतो, "सेन्सर दाखवतोय साहेब." कुठला सेन्सर, तो का गेला आणि बदलल्यावर दिवा नक्की जाणार का, एवढं विचारून होईपर्यंत आपण बिलाला हो म्हणून बसलेलो असतो.

ज्यांच्या घरात पूर्वी फियाट, अँबॅसडर किंवा मारुती ८०० होती त्यांना हे जास्त लागतं. तेव्हा डिकीत पान्यांची पिशवी असायची आणि बऱ्याच दुखण्यांवर दारातच इलाज व्हायचा. आता तीच माणसं बॉनेट उघडतात, काळं प्लास्टिकचं झाकण बघतात आणि बॉनेट पुन्हा लावतात. कंपन्यांनी आपल्याला लुटायला गाड्या मुद्दाम अवघड केल्या, असं त्यावर सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. काही अवघडपणा हवा स्वच्छ ठेवण्याची आणि माणसं वाचवण्याची किंमत आहे. बाकीचा खरोखरच माहिती कुलुपात ठेवल्यामुळे आलेला आहे. हे दोन्ही एकत्र मोजले की राग चुकीच्या जागी निघतो आणि पैसेही चुकीच्या जागी जातात.

जुन्या गाडीचं दुखणं डोळ्यांना दिसायचं

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा-पेट्रोलचं योग्य मिश्रण, ते दाबणारं कॉम्प्रेशन आणि वेळेवर पडणारी ठिणगी. जुन्या गाडीत हे तिन्ही यंत्राने व्हायचं. कार्बोरेटरमध्ये हवा अरुंद जागेतून ओढली जायची आणि तिच्या जोराने बारीक भोकाच्या जेटमधून पेट्रोल वर यायचं. ठिणगीचं काम डिस्ट्रिब्युटर आणि त्यातले पॉइंट करायचे.

त्यामुळे खोट शोधायची रीतही सरळ होती. गाडी सुरू होत नसेल तर प्लग काढायचा, वायरीत खोचून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी पडली की करंट ठीक, म्हणजे लफडं पेट्रोलकडे. ठिणगी नसली तर पॉइंट बघा, कंडेन्सर बघा, कॉइल बघा. एका प्लग पान्यावर निम्मं निदान व्हायचं. (नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका. आता बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि ठिणगी भलतीकडे गेली तर कॉइल किंवा तिला चालवणारं सर्किट जळू शकतं.)

मात्र त्या काळाच्या आठवणी जरा जास्तच गोड करून सांगितल्या जातात. एप्रिल-मे महिन्यात खंबाटकी घाट चढताना कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रेडिएटरवर ओतायचं पाणी आणि इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर गुंडाळायचं ओलं फडकंही आठवत असेल. प्लग साफ करा, पॉइंटला पॉलिश पेपर मारा, थंडीत चोक ओढून बसा, हे सारखं चालायचं. मालकाला दुरुस्ती यायची, कारण ती आल्याशिवाय भागायचंच नाही.

संगणक गाडीत आला तो धुरामुळे

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशोबाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर धूर आणि कार्बन मोनॉक्साइड, हवा जास्त झाली तर वेगळे विषारी वायू. सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे वायू निरुपद्रवी करतो, पण मिश्रण त्या १४.७ च्या अगदी जवळ असेल तरच त्याचं काम नीट होतं. घाट चढताना, उतरताना, थंड इंजिनावर, पावसात, सगळीकडे एवढा काटेकोर हिशोब ठेवणं कार्बोरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं.

आपल्याकडे २००० साली धुराचे नवे नियम देशभर लागू झाले आणि त्याच सुमारास नव्या मोटारींतून कार्बोरेटर जाऊ लागला. या नियमांचा तिसरा टप्पा, म्हणजे भारत स्टेज ३ किंवा बीएस-३, देशभर आला २०१० मध्ये, बीएस-४ आलं २०१७ मध्ये आणि मधला पाचवा टप्पा गाळून १ एप्रिल २०२० पासून थेट बीएस-६. प्रत्येक टप्प्याला गाडीत आणखी सेन्सर आले.

हे सेन्सर ज्याला खबर देतात तो डबा म्हणजे ईसीयू, इंजिन चालवणारा छोटा संगणक. आत किती हवा आली, इंजिन किती तापलंय, क्रँक कुठल्या कोनात आहे, पायाने अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे तो सतत वाचतो. त्यावरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. गाडी नुसती जागेवर सुरू असते तेव्हा हा वेळ दोन-तीन मिलिसेकंद असतो. असला हिशोब पान्याने लागत नाही.

याचा फायदा आपल्या भागातल्या माणसाला चटकन कळेल अशा उदाहरणात सांगतो. आपला ऊस कारखान्यात जातो आणि त्यापासून साखरेबरोबर आता इथेनॉलही बनतं. ते २० टक्के मिसळलेलं पेट्रोल पंपावर मिळतं. शुद्ध इथेनॉल जळायला एका भागाला फक्त ९ भाग हवा लागते, म्हणून या मिश्रणाचा हिशोब १४.७ वरून साधारण १३.५ वर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. कार्बोरेटरच्या गाडीत त्यासाठी जेट बदलावा लागला असता. ईसीयूच्या गाडीत धुरातला सेन्सर सांगतो, ऑक्सिजन उरतोय. ईसीयू इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. मालकाला पत्ताही लागत नाही. (२०२३ च्या आधीच्या गाड्यांतले रबरी पाइप आणि सील हे पेट्रोल सोसतील का, हा निराळा प्रश्न. त्याचं उत्तर ईसीयूकडे नाही.)

पण या सुधारणेलाही मर्यादा असते. इंधन वाढवून वाढवूनही ऑक्सिजन उरतच राहिला, तर ईसीयू हात टेकतो आणि पिवळा दिवा लावतो. हा दिवा मुळात धुरासाठीच आहे. गाडी आता बंद पडणार असा त्याचा अर्थ नसतो. स्थिर पेटला असेल तर गाडी बेताने घरी नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसिंग मारतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय असं समजा आणि गाडी थांबवा.

डिझेलवाल्यांचं एक वेगळंच दुखणं आहे, ते इथेच सांगून टाकतो. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी तो फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो. रोज सांगली ते मिरज आणि परत एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो तेवढा तापतच नाही. मग दिवा लागतो आणि मालक म्हणतो, नवी गाडी असून भिकार. पुष्कळदा औषध एवढंच असतं की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी हायवेला घालून वीस-तीस मिनिटं एका चालीने पळवायची. दिवा दुर्लक्षून महिनाभर तसंच फिरलात तर मात्र वर्कशॉप चुकत नाही.

एक नाही, कितीतरी संगणक

इंजिनाचा एकच ईसीयू असता तर मिस्त्री लोक कधीच त्याला सरावले असते. पण ब्रेक दाबल्यावर चाकं जॅम होऊ न देणाऱ्या एबीएसचा डबा वेगळा, एअरबॅगचा वेगळा, पॉवर स्टिअरिंगचा, एसीचा, दारं-काचा-दिव्यांचा आणि किल्लीतली चिप ओळखणाराही वेगळा. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची आहे, एबीएसही त्याच वर्षापासून. त्यामुळे साध्यातल्या साध्या नव्या गाडीतही हे डबे असतातच.

ते एकमेकांशी बोलतात एकमेकींना पीळ दिलेल्या दोन बारीक वायरींवरून. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. तिला कॅन म्हणतात. गावात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा होतो तसं हे चालतं. "उद्या वाडीला पाणी येणार नाही" हे सगळ्या गावाला ऐकू जातं, कामाला लागतात फक्त वाडीतले. गाडीत फरक इतकाच की भोंगा प्रत्येक डब्याच्या हातात आहे. एबीएसचा डबा चाकाचा वेग पुकारतो. स्पीडोमीटर तो ऐकून काटा हलवतो, स्टिअरिंग ऐकून हलकं-जड होतं, दारांचा डबा ऐकून कुलूप लावतो. पूर्वी या प्रत्येक कामाला स्वतंत्र वायर ओढावी लागली असती. कॅनमुळे तांब्याचं जंगल कमी झालं.

पण घोळही इथूनच सुरू होतो. जिथे बिघाड आहे आणि जिथे तो दिसतो, त्या दोन जागा एकमेकींपासून लांब गेल्या. ब्रेक पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, काही शे रुपयांचा. पूर्वी तो गेला तर मागचे लाल दिवे लागायचे नाहीत, बस. आता ऑटोमॅटिक किंवा एएमटी (स्वतःच गिअर बदलणारी) गाडी 'ब्रेक दाबला आहे' ही खबर आल्याशिवाय सुरूच होत नाही. स्विचमध्ये दोन संपर्क असतील आणि त्यातला एकच गेला असेल तर मागचे दिवे नीट लागतात आणि गाडी मात्र ढिम्म हलत नाही. मालक बॅटरी बदलतो, मग स्टार्टर खोलतो. पेडलखाली वाकून बघायचं कुणाला सुचणार?

बॅटरीच्या टर्मिनलला पांढरी बुरशी आली किंवा इंजिन आणि बॉडीला जोडणारी अर्थची पट्टी गंजली की आणखी मजा. व्होल्टेज खाली-वर होतं आणि एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, सगळे दिवे एकदम पेटतात. गाडी पार गेली असं वाटतं. दहाचा पाना, गरम पाणी आणि जुना ब्रश एवढ्यावर हे दुखणं पुष्कळदा जातं. म्हणून खूप दिवे एकाच वेळी लागले तर आधी बॅटरीकडे बघावं, निदान दहा-बारा हजारांच्या सेन्सरला होकार देण्याआधी तरी.

स्कॅनर लावला म्हणजे निदान झालं का?

गाडीच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. स्टिअरिंगखाली जी सोळा पिनांची खाच असते तिला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली आणि पुढे जगभर पसरली. स्कॅनर तिथे जोडला की गाडी कोड सांगते. समजा, 'पी ०१७१' आला. त्याचा अर्थ एवढाच: मिश्रणात हवा जास्त आहे, इंधन कमी आहे. का, ते कोड सांगत नाही. कुठलातरी रबरी पाइप चिरलाय आणि मधूनच हवा घुसतेय, हे कारण असू शकतं. पेट्रोल पंप थकला असेल, इंजेक्टर चोंदले असतील, हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल किंवा धुरातला ऑक्सिजन सेन्सर खोटं बोलत असेल. पाचातल्या शेवटच्या कारणातला सेन्सर महाग आणि बदलायला सोपा. म्हणून तो सेन्सर आधी बदलला जातो. आठवड्याने दिवा पुन्हा लागतो.

चांगला मिस्त्री कोड वाचून थांबत नाही. तो इंजिन सुरू ठेवून स्कॅनरवरचे चालू आकडे बघतो, पाइपांवर कार्ब क्लीनरचा फवारा मारत जातो आणि फवारा मारल्यावर इंजिनाचा आवाज कुठे बदलतो ते ऐकतो. आवाज बदलला, तिथे चीर. (तापलेल्या सायलेन्सरजवळ हा फवारा पेट घेतो, तेव्हा तुम्ही नका करू.) म्हणजे कान आणि हात अजूनही लागतातच. फक्त त्यांच्या जोडीला मल्टिमीटर आणि वायरिंगची आकृती लागते. पूर्वी गॅरेजच्या कोपऱ्यात बसणाऱ्या वायरिंगवाल्याला आज इंजिनवाल्याच्या बरोबरीचा भाव आहे, तो काही उगीच नाही.

हजाराच्या आत-बाहेर मिळणारं ब्लूटूथचं छोटं यंत्र आणि मोबाइलवरचं अ‍ॅप घेतलं तर इंजिनाचे सर्वसाधारण कोड घरी वाचता येतात. मी म्हणेन, जरूर घ्या. पण त्याला बहुधा इंजिनापलीकडचं कळत नाही. एअरबॅग, एबीएस, दारांचे डबे प्रत्येक कंपनीच्या आपल्या भाषेत बोलतात. आणि कोड दिसला की लगेच 'क्लिअर' दाबू नका. कोड उमटला त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनाचे फेरे, हे ईसीयूने जपून ठेवलेलं असतं, ते त्याबरोबर पुसलं जातं. आधी स्क्रीनचा फोटो काढा.

पुरात बुडालेली गाडी

सांगलीकराला हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर. दोन्ही वेळा दारातल्या गाड्या पाण्याखाली गेल्या.

जुनी जीप बुडाली तर ऑइल बदलायचं, प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, डिस्ट्रिब्युटर वाळवायचा आणि उन्हात ठेवायची. पुष्कळदा ती सुरू व्हायची. नव्या गाडीत सीटखाली, गालिच्याखाली, डॅशबोर्डमागे वायरींचे जोड आणि डबे असतात. त्यात नुसतं पाणी नाही, नदीचा गाळ शिरतो. वरून गाडी वाळते, धुतली जाते, सुरूही होते. पण जोडांच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढायला काही महिने लागतात. मग एक दिवस पावसाळी हवेत काच आपोआप खाली येते, पुढच्या आठवड्यात एअरबॅगचा दिवा लागतो, त्यानंतर गाडी चालता चालता बंद. प्रत्येक बिघाड वेगळा वाटतो, मूळ मात्र एकच.

पाणी ओसरल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. आणि कितीही मोह झाला तरी सेल्फ मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबायला जातो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडीचा पूर्ण विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात बसतं, पण बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन फोडलं तर इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर घेतल्याशिवाय विमा कंपन्या तो खर्च सहसा नाकारतात. एक सेल्फ लाखाला पडतो तो असा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढून बघा. पॉलिश आणि सेंट मारणारा विक्रेता तिथवर सहसा पोचत नाही. गाळाची रेघ तिथे सापडते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांचे स्क्रूही बघा.

इथे घरचा पाना नकोच

काही कामं घरी न होणं हेच बरं. एअरबॅग फुगते ती स्फोटक भुकटीने; पिवळ्या वायरी आणि पिवळे जोड दिसले की हात मागे. नव्या डिझेल गाडीत इंजेक्टरच्या पाइपातला दाब १,६०० बारच्या वर जातो. आपल्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतात, यावरून अंदाज घ्या. चालू इंजिनावर तो पाइप सैल केला तर डिझेलची धार कातडीत घुसते. जुन्या डिझेलवर पाइप सैल करून हवा काढायची सवय हातात बसलेल्यांनी इथे खास जपावं. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर म्हणजे तीन-चारशे व्होल्टही असू शकतात. या तिन्ही ठिकाणी कंपनी 'हात लावू नका' म्हणते ते खरं आहे.

माहितीच्या कुलुपाचं काय?

आता दुसरी बाजू. समजा, तुम्ही भंगारातून त्याच मॉडेलचा चालू ईसीयू आणला आणि बसवला. गाडी सुरू होणार नाही, कारण किल्ली, ईसीयू आणि इमोबिलायझर (किल्लीतली चिप ओळखणारा डबा) एकमेकांना नंबराने ओळखतात. चोरी रोखायला हे हवं, मान्य. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी ती स्कॅनरने 'नोंदवावी' लागते, म्हणजे चार्जिंगचा हिशोब नव्याने सुरू होतो. हेही समजू शकतो. पण ही नोंद करायचं सॉफ्टवेअर फक्त अधिकृत वर्कशॉपलाच मिळणार, वायरिंगची आकृती बाहेरच्या गॅरेजला विकतही मिळणार नाही, सुटा भाग न विकता अख्खं असेंब्लीच घ्यायला लावणार, यात धूर किंवा सुरक्षेचा काय संबंध? हा धंद्याचा निर्णय आहे.

हे माझंच म्हणणं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी: सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात त्याचं पोर्टल आलं. मोबाइल, घरगुती उपकरणं आणि शेतीची अवजारं यांच्या जोडीला त्यात वाहनंही आहेत. कंपन्यांना बांधून घालणारा कायदा मात्र आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात तो २०१२ मध्येच झाला. अधिकृत वर्कशॉपला जी माहिती मिळते ती रास्त किमतीत कुणाही गॅरेजला द्यायची, असा. तिथल्या गाड्या त्यामुळे काही चोरांच्या हाती गेल्या नाहीत.

"मग जुनीच गाडी बरी, नाही का?"

तुम्ही स्वतः हात काळे करायला तयार असाल आणि रोज महाबळेश्वर चढायचं नसेल, तर हौसेला बरी. एरवी नाही. नवी गाडी दहा हजार किलोमीटर एका ऑइलवर चालते, थंडीत पहिल्या सेल्फला उठते, ब्रेक करकचून दाबला तरी चाकं जॅम होऊन घसरत नाही. ती बिघडते कमी वेळा, पण बिघडली की आपल्या हातात काही राहत नाही. बहुतेकांना हा सौदा परवडतो. तक्रार आहे ती सौद्याच्या दुसऱ्या भागाबद्दल.

"बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल ना?"

ही भीती मुद्दाम जोपासलेली आहे. बाहेरच्या गॅरेजला गेलात म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट घालता येणार नाही, असं त्याच २०१४ च्या आदेशात आयोगाने कंपन्यांना बजावलं होतं. बाहेरच्या कामामुळेच एखादा भाग बिघडला असेल तर त्या भागापुरती वॉरंटी नाकारणं निराळं. खरा धोका वेगळ्याच जागी आहे: मोठा हॉर्न, जादा लाइट, स्पीकर लावताना अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात वायर सोलून तिला पीळ मारून जोड देतात. त्या जोडावरून वाद झाला तर कंपनीची बाजू बळकट असते. वायर न कापता प्लगला प्लग बसेल असाच जोड मागा.

मालकाच्या हातात काय उरलं

वाटतं त्यापेक्षा पुष्कळ. एअर फिल्टर, एसीचा केबिन फिल्टर, वायपर, फ्यूज, बऱ्याच गाड्यांतले बल्ब, टर्मिनलची सफाई, ऑइल आणि कूलंटची पातळी, ही सगळी कामं घरी होतात. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि दहा मिनिटांत पान्याशिवाय निघतो. ऊस तोडणीच्या हंगामात मातीच्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा एकदा काढून बघा. एसी थंड करत नाही म्हणून गॅस भरायला निघालेल्या कितीतरी लोकांचं काम तिथेच संपेल. फ्यूजचा नकाशा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये असतो. चार्जिंगचं सॉकेट बंद पडलं तर आधी तो बघा.

वर्कशॉपला जाताना मात्र बोलायची पद्धत बदला. "दिवा लागलाय, बघा" एवढ्यावर गाडी सोडू नका. कोड कुठला आला तो जॉब कार्डवर लिहून मागा. पार्ट बदलायचा म्हणाले तर विचारा, "तपासलं कसं?" व्होल्टेज मोजलं, वायर चेक केली, दुसरा पार्ट लावून पाहिला, यांतलं काहीही उत्तर चालेल. "कोड तोच येतोय ओ साहेब, आणि काय पायजे?" हे उत्तर चालणार नाही. आणि बदललेला जुना पार्ट गाडीत ठेवून द्यायला सांगा. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी परत नेते, पण पैसे मोजून बदललेला तुमचा असतो.